कुलपाआड सुटका होत नाही

तोरू गोतो हे जपानमधल्या युनिफिकेशन चर्च या नव्या धार्मिक पंथाचे सदस्य. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांच्या घरच्यांनीच त्यांना धरून नेलं आणि एका सदनिकेत ठेवलं, आधी निगाताला आणि पुढे टोकियोत. ते तिथून बाहेर पडले फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे बारा वर्षं पाच महिन्यांनी. आत गेले तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेली होती. बाहेर आले तेव्हा चव्वेचाळिशी गाठलेली, आणि कुपोषणामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. आत असताना त्यांनी सुटकेसाठी अनेकदा उपोषण केलं. एवढ्या काळात त्यांना ना डॉक्टरने वेडं ठरवलं होतं, ना न्यायालयाने गुन्हेगार. घरच्यांच्या लेखी त्यांचा दोष एकच होता, त्यांची श्रद्धा चुकीच्या जागी होती.

हे घरचे लोक निर्दय नव्हते. गोतोंचा मोठा भाऊ आणि वहिनी पूर्वी याच चर्चमध्ये होते आणि बाहेर पडले होते. आपण धाकट्या भावाला वाचवतो आहोत अशी त्यांची मनापासून खात्री होती. हे काम नियमितपणे करणारा एक सल्लागार आणि एक ख्रिस्ती पाद्री त्यांच्या मदतीला होते. अशा कोंडण्याला जपानमधली कुटुंबं ‘संरक्षण’ म्हणत. गोतोंनी फौजदारी तक्रार केली, पण २००९ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. शेवटी दिवाणी दाव्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली. एकूण रक्कम २ कोटी २० लाख येन होती, आणि त्यातल्या काही भागाची जबाबदारी सल्लागार आणि पाद्री यांच्यावरही टाकली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. नव्या पंथांत गेलेल्यांना त्यांच्याच कुटुंबीयांनी पळवून कोंडून ठेवण्याच्या तक्रारींबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने जुलै २०१४ मध्ये जपानला चिंता कळवली होती.

सज्ञान माणसाला कोंडून त्याची श्रद्धा सोडवणं हा गुन्हा आहे. तो आई-वडिलांनी केला तरी गुन्हाच, आणि ज्या पंथातून सोडवायचं तो पंथ खरोखर लुबाडणारा असला तरीही गुन्हाच. या मताला नेहमी उत्तर मिळतं की तुम्हाला पंथांचा धोका कळलेला नाही. धोका पुरेपूर माहीत आहे. १८ नोव्हेंबर १९७८ ला गयानातल्या जोन्सटाउन या पंथाच्या वसाहतीत ९००हून अधिक माणसं मेली, त्यांत लहान मुलं शेकड्यांनी होती. २० मार्च १९९५ ला ओम शिनरिक्यो या जपानी पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. त्याआधी १९८९ मध्ये, या पंथात गेलेल्या मुलांच्या पालकांची बाजू लढवणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो, त्यांची पत्नी आणि तान्हं मूल यांचा याच पंथाच्या लोकांनी खून केला होता. असे पंथ असतात म्हणूनच त्यांच्याशी लढण्याची रीत अचूक हवी. कोंडणं ही रीत अचूक तर नाहीच, तिने पंथांनाच बळ मिळत आलं आहे.

ही रीत अमेरिकेत तयार झाली. सॅन डिएगोचे टेड पॅट्रिक यांनी १९७१ च्या सुमारास तिला सुरुवात केली. ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ या पंथाच्या लोकांनी त्यांच्या मुलाला गाठलं होतं, त्यावरून ते या कामात शिरले. तिला नाव पडलं डीप्रोग्रॅमिंग. पद्धत थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखी होती. मुलाचं येणं-जाणं कुठून, केव्हा होतं याची माहिती आधी काढायची. मग आजी आजारी आहे, सणाला ये, अशा निमित्ताने त्याला घरी बोलवायचं, नाहीतर रस्त्यातच गाडीत घालायचं. जागा अनोळखी निवडायची, मोटेलची खोली किंवा गावाबाहेरचं घर. खिडक्या खिळे ठोकून बंद, फोन काढलेला, दाराशी दोन-तीन धट्टीकट्टी माणसं, न्हाणीघरातही एकटं सोडायचं नाही. पंथाची खूण असलेल्या वस्तू काढून घ्यायच्या. कृष्णभक्तांच्या शेंड्या कापल्याचीही उदाहरणं आहेत. त्यानंतर पाळीपाळीने बोलत राहायचं. संस्थापकाचे घोटाळे, शिकवणीतल्या विसंगती, पैशांचे हिशेब, पंथ सोडलेल्या माणसांच्या हकिगती, आईचं रडणं. हे काही दिवस चाले. झोप जेमतेम. एका टप्प्यावर माणूस कोसळे, रडू लागे, ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणे. तो क्षण म्हणजे यश. पुढे काही आठवडे त्याला पहाऱ्याखालीच दुसऱ्या घरी ठेवत, कारण मन पुन्हा पंथाकडे ओढ घेण्याची भीती असे. या सगळ्याचा खर्च १० हजार डॉलर किंवा त्याहूनही जास्त येई.

हीच पद्धत पंथाने वापरली असती तर तिला काय म्हटलं असतं? एकटं पाडणं, झोप तोडणं, एकाच बाजूचं ऐकवत राहणं, रडून कबुली देईपर्यंत दार न उघडणं. पंथांवरचे आरोप हेच असतात. फरक इतकाच की बहुतेक पंथांच्या दाराला कुलूप नसतं.

नसतं, याला पुरावा आहे. समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी लंडन परिसरात युनिफिकेशन चर्चच्या शिबिरांना १९७९ मध्ये गेलेल्या हजाराहून जास्त लोकांचा मागोवा घेतला. त्यांतल्या सुमारे नव्वद टक्क्यांनी सदस्य व्हायला नकार दिला, आणि जे झाले त्यांतले बहुतेक दोन वर्षांच्या आत आपणहून निघून गेले. मेंदू ताब्यात घेणारं अमोघ तंत्र या चर्चकडे असतं तर हे आकडे असे आले नसते. ‘ब्रेनवॉशिंग’ची कल्पना मुळात कोरियन युद्धातले कैदी आणि माओच्या चीनमधले तुरुंग यांच्या अभ्यासातून आली, आणि तिथे कैद खरी होती. कैद नसताना तोच परिणाम होतो हे सिद्ध करणं अवघड गेलं. पंथांच्या मनोनियंत्रणावर नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९८७ मध्ये शास्त्रीय कसोटीला उतरत नाही म्हणून स्वीकारला नाही. याचा अर्थ पंथांत दबाव नसतो असा नाही. दबाव असतो, फसवणूक असते, भीती घातली जाते. पण दबावाखालचा माणूस बुद्धी हरवलेला नसतो. त्याच्याशी बोलता येतं. तो शंका घेतो, अनेकदा मनातल्या मनात. आणि बहुतेकदा त्या शंकाच त्याला बाहेर काढतात.

मराठी वाचकाला आठवण द्यावीशी वाटते ती १९७७ च्या न्यूयॉर्कची. क्वीन्समध्ये एका तरुण कृष्णभक्त स्त्रीला पळवून नेल्याची तक्रार झाली. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, म्हणजे ग्रँड ज्युरीने, पळवणाऱ्यावर आरोप ठेवायला नकार दिला आणि उलट इस्कॉनच्याच लोकांवर आरोप ठेवले. जप, कीर्तन आणि शिस्त यांतून त्यांनी भक्तांची मनं कैद केली, हीच बेकायदा डांबणूक, असा तो आरोप होता. ‘हरे कृष्ण’चा जप हे मन गुंगवण्याचं साधन म्हणून आरोपपत्रात आलं. न्यायमूर्ती जॉन लीही यांनी मार्च १९७७ मध्ये ते आरोप फेटाळले. हा भारतात मुळं असलेला खरा धर्म आहे आणि तो आपल्या मुलाने स्वीकारला हे पालकांना पटत नसलं तरी तो गुन्हा ठरत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. माळ ओढणारा, पहाटे उठणारा, मांस सोडणारा, घरदार विसरून नामात रमणारा माणूस आपल्याकडे घरोघर सापडेल. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घराला तो आजारी वाटला. कुठल्या श्रद्धेला आजार म्हणायचं हे बहुमताच्या सवयीवर सोडलं की असं होतं.

त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत पालकांनी कायद्याचाच दरवाजा वापरला. युनिफिकेशन चर्चच्या पाच सज्ञान सदस्यांच्या पालकांनी न्यायालयाकडे त्यांचं तात्पुरतं पालकत्व मागितलं आणि ते तीस दिवसांसाठी मिळालंही. त्यासाठी जो कायदा वापरला तो वार्धक्याने किंवा आजाराने आपला व्यवहार सांभाळू न शकणाऱ्यांसाठी होता. धूर्त माणसांकडून फसवली जाण्याची शक्यता असलेली व्यक्ती, असं त्यात एक कलम होतं. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने त्याच वर्षी ते आदेश रद्द केले. हा निकष इतका सैल आहे की त्यात कुणालाही बसवता येईल, आणि श्रद्धा खरी की लादलेली हे तपासायला न्यायालय बसलं तर ते श्रद्धेचाच न्याय करू लागेल, असं त्याचं म्हणणं होतं.

बरोबर चाळीस वर्षांनी, मे २०१७ मध्ये, केरळच्या उच्च न्यायालयाने जवळजवळ तीच वाट धरली. इस्लाम स्वीकारलेल्या एका २४ वर्षांच्या होमिओपथीच्या विद्यार्थिनीचं लग्न न्यायालयाने रद्द ठरवलं. या वयाची मुलगी दुबळी असते, तिचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो, असं म्हणत तिला वैकोमच्या माहेरी पाठवलं. ती तिथे पोलीस पहाऱ्यात राहिली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला समोर बोलावून ऐकलं आणि शिक्षण पुरं करायला सेलमला पाठवलं. ८ मार्च २०१८ ला उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. इस्लाम हा काही नवा पंथ नव्हे. पण तर्क तोच होता: जिची निवड आम्हाला पटत नाही ती निवड करण्याइतकी शहाणी नसणारच. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत राज्याने आई-बापाची भूमिका घ्यायला फार कडक मर्यादा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात सांगितलं, आणि ते जात, धर्म, पंथ सगळ्यांना लागू आहे.

अमेरिकेतल्या सगळ्या न्यायालयांनी मात्र असा शहाणपणा दाखवला नाही. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिलेला निकाल वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. ‘द वे’ या पंथातल्या एका तरुणीला वडिलांनी सोळा दिवस अडकवलं होतं. पहिले तीन दिवस तिने उघड विरोध केला, चौथ्या दिवसापासून ती नीट बोलू लागली, बाहेरही गेली. पुढे ती पंथाकडे परतली आणि तिने दावा लावला. मुलीची विचारशक्ती पंथाने दबली आहे असं पालकांना प्रामाणिकपणे वाटत असेल आणि पुढे कुठल्यातरी टप्प्यावर ती राजी झाली असेल, तर ते कोंडणं ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे चौथ्या दिवसाच्या होकाराने पहिल्या तीन दिवसांचा नकार पुसला. अडकलेल्या माणसापाशी सुटण्याचा एकच मार्ग असतो, हो म्हणणं. गोतोंना १९८७ मध्येही एकदा कोंडलं होतं, तेव्हा मत बदलल्याचा आव आणूनच ते निसटले होते. कुलपाआड मिळालेला होकार खरा की खोटा हे मिळवणाऱ्यालाही कळत नाही. या पद्धतीचा हा दोष दुरुस्त होण्यासारखा नाही. कोंडणाऱ्याला खात्री हवी असते, म्हणून तो मुदत वाढवत जातो, आणि ती वाढायला काही मर्यादा राहत नाही.

नुकसान पुढेही चालू राहतं. पंथ सोडलेल्यांच्या पाहण्यांत असं दिसलं आहे की आपणहून बाहेर पडलेल्यांपेक्षा जबरदस्तीने बाहेर काढलेल्यांना भीती, दुःस्वप्नं, गोंधळ यांचा त्रास अधिक होतो. जे परत पंथात जातात त्यांचं घर कायमचं तुटतं. घर सैतानाच्या बाजूचं आहे असं पंथाने सांगितलेलं असतं, आणि घराने ते खरं करून दाखवलेलं असतं. दक्षिण कोरियात शिनचोन्जी पंथातली एक तरुणी जानेवारी २०१८ मध्ये मरण पावली. ह्वासुनच्या एका निवासात आई-वडील तिचं मन वळवत होते, ती ओरडू नये म्हणून तिचं तोंड दाबलं आणि तिचा श्वास कोंडला.

आता पंथांना मिळणाऱ्या बळाबद्दल. वॉशिंग्टन राज्यात १९९१ मध्ये एका १८ वर्षांच्या तरुणाला त्याच्या आईने नेमलेल्या माणसांनी हातकड्या घालून, तोंडाला चिकटपट्टी लावून समुद्रकाठच्या घरात पाच दिवस ठेवलं. तो पेंटेकोस्टल चर्चचा साधा सदस्य होता. त्याच्या दाव्यात १९९५ मध्ये ज्युरीने जबर भरपाई ठरवली. मुख्य डीप्रोग्रॅमरवर दंडात्मक भरपाई २५ लाख डॉलर, आणि त्याचं नाव सुचवणाऱ्या ‘कल्ट अवेअरनेस नेटवर्क’ या संस्थेवर १० लाख. संस्था दिवाळखोरीत गेली. तिचं नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिलावात सायंटॉलॉजी या पंथाशी संबंधित माणसाकडे गेले. त्यानंतर एखादी घाबरलेली आई त्या क्रमांकावर फोन करायची तेव्हा पलीकडे ज्यांच्याबद्दल तक्रार करायची त्यांच्याच गोटातली माणसं असायची. पालकांना माहिती देणारी, पंथांच्या कारभाराची कागदपत्रं जमवणारी वर्षानुवर्षांची यंत्रणा मूठभर लोकांच्या धाडसापायी संपली.

जपानचा अनुभव याहून कडू आहे. पूर्वजांचे शाप उतरवण्याच्या नावाखाली महागडे कलश, मूर्ती विकणं, घरं विकायला लावून देणग्या घेणं, यावरून युनिफिकेशन चर्चवर अनेक दशकं दावे चालू होते. पण चर्चचे लोक प्रत्येक चर्चेत कोंडलेल्या सदस्यांची यादी पुढे करत, आणि त्या यादीतली सगळी नावं खोटी नव्हती. छळ करणारे आम्ही की आमचा छळ करणारे तुम्ही, या वादात पैशांचा मुद्दा मागे पडे. ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने चर्चला सुमारे १० कोटी येन दिले होते आणि घर धुळीला मिळालं होतं. त्यानंतर मात्र राज्य हललं. डिसेंबर २०२२ मध्ये कायदा झाला. भीती घालून देणगी मागणं, देणगीसाठी कर्ज काढायला किंवा राहतं घर विकायला लावणं यांवर त्याने बंदी आणली. अवलंबून असलेल्या मुलांना आणि जोडीदाराला आपल्या पोटगीपुरती रक्कम परत मागण्याचा हक्क दिला. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने चर्चची धार्मिक संस्था म्हणून नोंद विसर्जित करण्याचा आदेश दिला. आधार होता देणग्यांच्या दाव्यांतून सिद्ध झालेल्या बेकायदा वागणुकीचा. कोणाच्याही डोक्यातली श्रद्धा तपासावी लागली नाही. हे वीस वर्षं आधी होऊ शकलं असतं.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत १२ प्रकारची कृत्यं आहेत. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण, चमत्काराच्या दाव्याने फसवणूक, उपचार रोखणं, अशी ती कृत्यं. देव, धर्म, श्रद्धा यांना त्यात हात लावलेला नाही. ही आखणी बरीच वर्षं भांडून, मसुदे पुन्हा पुन्हा घासूनपुसून झाली, आणि पंथांच्या प्रश्नाला तीच लागू पडते. गुरूने घेतलेल्या मालमत्तेबद्दल तर आपल्या कायद्यापाशी याहून जुनं हत्यार आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८९० मध्ये एका वृद्ध शिष्याचं दानपत्र रद्द केलं. परलोकातल्या पुण्यासाठी त्याने सगळी मालमत्ता गुरूच्या नावे केली होती. गुरू-शिष्य नात्यात गुरूचा वरचष्मा असतो, म्हणून दान मोकळ्या मनाने झालं हे गुरूने दाखवायचं, शिष्याने नव्हे, हे तत्त्व करार कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. ते वापरलं जात नाही, कारण कुटुंबं आधी मुलामागे धावतात आणि कागदामागे फार उशिरा.

म्हणून घरातलं कोणी एखाद्या पंथात ओढलं गेलं असेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर वेळ न घालवता पोलीस आणि बालकल्याण समिती. तिथे इच्छेचा प्रश्न येत नाही. सज्ञान असेल तर पहिलं काम संपर्क टिकवणं. ठरलेल्या दिवशी फोन करायचा, घरातल्या साध्या गोष्टी सांगायच्या, गुरूची टिंगल करायची नाही. टिंगल झाली की ती व्यक्ती गुरूचा बचाव करू लागते आणि स्वतःची शंका गिळून टाकते. प्रश्न विचारावेत ते ठोस: दिवसाला किती तास काम, पैसे कोणाच्या खात्यात, आजारी पडलास तर डॉक्टर कोण, आधार कार्ड आणि पासपोर्ट कोणाजवळ. रोख पैसे पाठवू नयेत. परतीचं तिकीट, औषधं, कपडे पाठवावेत. सामायिक खाती, मुखत्यारपत्रं, वारस-नोंदी आधीच तपासाव्यात आणि देणग्यांच्या पावत्या, संदेश तारखेनिशी जपून ठेवावेत. पंथ सोडलेल्या कोणाशी भेट घडवायची असेल तर त्या व्यक्तीला आधी सांगून, तिचा फोन तिच्या हातात असताना आणि दार उघडं असताना. उठून जाते म्हणाली तर जाऊ द्यावं. बळजबरी सोडलेल्या सल्लागारांनी अमेरिकेत पुढे हीच पद्धत धरली.

मानसोपचाराचा आडमार्ग घेऊ नये. मानसिक आरोग्य कायदा २०१७ सांगतो की समाजाच्या धार्मिक समजुतींशी न जुळणं हा मानसिक आजाराचा आधार होऊ शकत नाही. खरा आजार असेल तर संमतीविना दाखल करण्याचीही पद्धत ठरलेली आहे: दोन तज्ज्ञ, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, दोघांची स्वतंत्र तपासणी, आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. ओळखीच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन मुलीला दाखल करणारे पालक स्वतः गुन्ह्यात अडकतात आणि पंथाला आयता खटला देतात.

तिला डांबून ठेवलं आहे अशी खरी शंका असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे त्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करण्याचा, अर्ज करावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईशा फाउंडेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असाच अर्ज हाताळला. कोइमतूरच्या आश्रमात राहणाऱ्या दोन बहिणींशी न्यायमूर्ती स्वतः बोलले. एक ४२ वर्षांची, दुसरी ३९ वर्षांची. आपण स्वेच्छेने राहतो असं दोघींनी सांगितलं आणि वडिलांचा अर्ज निकाली निघाला. त्याच वेळी न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की या आदेशाचा इतर तक्रारींच्या तपासावर परिणाम होणार नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचायला हवीत. सज्ञान बाई राहते म्हणाली, तर ती राहील. आणि संस्थेत गुन्हा घडल्याची तक्रार असेल तर तिचा तपास वेगळा चालेल. कोणाच्या भक्तीने तो थांबणार नाही.

पोलिसांच्या पातळीवर मात्र सुधारणा हवी. अशा तक्रारीत पोलीस आश्रमात जाऊन, व्यवस्थापकाच्या देखत, ‘ठीक आहेस ना’ एवढं विचारून जबाब लिहून घेतात, किंवा घरच्यांच्या देखत उलटं लिहून घेतात. जबाब दोन्ही बाजूंपासून दूर, महिला असेल तर महिला अधिकाऱ्यासमोर, स्वतःची ओळखपत्रं आणि फोन तिच्या ताब्यात असताना घ्यायला हवा. शक्य असेल तर चोवीस तास कोणत्याही बाजूशी संबंध नसलेल्या जागी राहून मग. तिथे राहणंही तिच्या मर्जीचं असावं.

आणि जे स्वतःहून परत येतात त्यांच्यासाठी आपल्याकडे काहीच नाही. कित्येक वर्षं पगाराविना काम केलेल्या माणसाकडे अनुभवाचं प्रमाणपत्र नसतं, भविष्य निर्वाह निधी नसतो, कधी बँक खातंही नसतं. जोडीदार अजून आत असतो, मुलांचा ताबा अडकलेला असतो. पंथाने करून घेतलेल्या कामाची मजुरी मागण्यासाठी कामगार कायद्याचा सल्ला देणारा वकील, तात्पुरती राहायची जागा, जुन्या विद्यापीठात पुन्हा नाव घालण्याची सोय, आणि ज्याला श्रद्धेबद्दल उलटतपासणी करायची हौस नाही असा समुपदेशक, एवढं प्रत्येक जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला करता येण्यासारखं आहे.